पॉवर कंडिशनर लावूनही स्पीकरचं हमिंग जात नाही? पेटी घेण्याआधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

सांगली, तासगाव, कराड, कोरेगाव या पट्ट्यात ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. चांगला अँप (अँप्लिफायर) घेतला, स्पीकर घेतले, कुणीतरी सांगितलं म्हणून महागडा पॉवर कंडिशनरही आणला, तरी गाणं थांबलं की स्पीकरमधून घूंऽऽ येतंच. नाहीतर संध्याकाळी साडेसात वाजता अँप आपोआप बंद पडतो. नाहीतर फ्रिज सुरू झाला की स्पीकर 'टक्' वाजतो. तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि 'पॉवर कंडिशनर' या एकाच नावाखाली बाजारात निदान चार वेगळी यंत्रं विकली जातात: सर्ज (विजेचा क्षणिक झटका) गिळणारी, गोंगाट गाळणारी, व्होल्टेज सांभाळणारी आणि वीज नव्याने बनवून देणारी. एका दुखण्याची पेटी दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी आपल्याकडे काय बिघडलंय ते शोधायचं, मग पैसे काढायचे.

लागणारी हत्यारं थोडी आहेत. ट्रू आरएमएस मल्टिमीटर (वेडीवाकडी लहरही बरोबर मोजणारा), कॅट थ्री ६०० व्होल्ट या सुरक्षा दर्जाचा. आरसीएचे (अँपच्या मागच्या गोल ऑडिओ सॉकेटचे) दोन शॉर्टिंग प्लग. नसतील तर जुन्या केबलच्या टोकाला मधली पिन आणि बाहेरची रिंग जोडून घ्या. मोबाईलवर तंबोरा लावायचं ट्यूनर अॅप. बोर्डात हात घालायचं काम वायरमनचं. खाली जिथे मेन स्विचच्या आतलं काम आहे तिथे तसं लिहिलं आहे.

आधी हमिंग कुठून येतंय ते ठरवा

अँप सुरू ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा. हमिंग तसंच राहिलं तर अँपला जोडलेल्या सगळ्या केबल काढा आणि इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा. (केबल काढताना आणि प्लग लावताना अँप बंद. नाहीतर स्पीकरला जो दणका बसतो तो वूफरच्या कोनला आवडत नाही.) आता पुन्हा ऐका.

केबल काढूनही हमिंग येतंय, म्हणजे दोष अँपच्या पोटात. पंधरा-वीस वर्षं जुन्या अँपमध्ये बहुधा फिल्टर कपॅसिटर वाळलेले असतात. बाहेर कसलीही पेटी लावा, हे सुधारणार नाही. कपॅसिटर बदलावे लागतात. केबल काढल्यावर हमिंग गेलं, म्हणजे ते केबलवाटे येत होतं. मग एकेक केबल परत जोडत जा. ज्या केबलला आवाज परत आला, तो चोर.

इथे ट्यूनर कामाला येतो. आपली वीज ५० हर्ट्झची. उपकरणांमधल्या अर्थ लूपचं (दोन वाटांनी अर्थ मिळाल्याने केबलमधून फिरणाऱ्या प्रवाहाचं) हमिंग बहुतेक ५० हर्ट्झवर असतं, खोल आणि मऊ. फिल्टर कपॅसिटर गेले असतील तर पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरमुळे (एसीचं डीसी करणारा भाग) ते १०० हर्ट्झवर येतं आणि त्याला भर्रऽ असा खरखरीत काठ असतो. दोन्ही एकाच स्वराची दोन सप्तकं. हार्मोनियमची खर्जातली पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ. तिच्याहून सुमारे ३५ सेंट (लगतच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे शंभर सेंट) चढा असा हा स्वर. मिरजेतल्या ज्या कानांना तंबोरे जुळवायची सवय आहे, त्यांना शांत अलापीच्या मागे हा चढा सूर आपल्याआधी टोचतो, यात नवल नाही. फोनच्या माइकला ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, तेव्हा अॅप कधी वरचा आकडा दाखवेल. आकडा ५० च्या पटीत आला की तो विजेचाच.

चोर बहुधा सेट टॉप बॉक्स असतो

डिशची केबल गच्चीवरच्या लोखंडी रेलिंगला किंवा स्लॅबच्या सळीला टेकलेली असते. केबल टीव्हीची तार खांबावरून कुठलातरी दुसरा अर्थ घेऊन घरात येते. इकडे अँपला तीन पिनांच्या प्लगमधून घरचा अर्थ मिळालेला असतो. दोन अर्थमध्ये पाव-अर्धा व्होल्ट फरक असला तरी केबलच्या शील्डमधून प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. तपासणी एका मिनिटाची: बॉक्सच्या मागची डिशची गोल केबल फिरवून काढा. हमिंग बंद झालं तर निदान झालं.

यावर कंडिशनरचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण हा आवाज विजेच्या वाटेने येतच नाही. उपाय स्वस्त आहे. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर टीव्ही ते डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज बनवणारी पेटी) किंवा अँप एवढी जोडणी ऑप्टिकल केबलने करा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, लूप तिथेच तुटतो. ऑप्टिकल नसेल तर आरसीएच्या वाटेवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारेचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा) लावा. फार स्वस्तातला घेतला तर खालचा बास पातळ होतो, हे ऐकून घ्यावं. एक चूक मात्र सर्रास होते. केबल टीव्हीसाठी मिळणारा कोएक्स आयसोलेटर डिशच्या तारेत बसवतात आणि चित्रच जातं. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला) त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जावे लागतात आणि साधा आयसोलेटर ते अडवतो.

लॅपटॉपवरून गाणी वाजवत असाल तर चार्जर काढून पाहा. बॅटरीवर आवाज स्वच्छ येत असेल तर चार्जर आणि यूएसबी यांचा लूप आहे. यूएसबी आयसोलेटर किंवा पुन्हा ऑप्टिकल. टर्नटेबलवाल्यांनी फोनो स्टेजच्या (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या पेटीच्या) मागचा अर्थचा स्क्रू आवळला आहे ना, एवढं आधी पाहावं.

आणि प्लगची मोठी पिन कापून हमिंग घालवायचा 'जुगाड' करू नका. हमिंग जातं हे खरं, पण अँपमध्ये फेज बॉडीला लागला तर शॉक खायला मधे दुसरं काही उरत नाही.

अर्थिंग: इथेच सगळ्यांचा पाय घसरतो

कंडिशनर, स्पाइक बस्टर, ईएमआय फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारा), सगळे चांगलं अर्थिंग आहे असं धरून बनवलेले असतात. फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे वाय कपॅसिटर असतात, साधारण २.२ ते ४.७ नॅनोफॅरडचे. अर्थ तुटलेला असेल तर हे दोन कपॅसिटर व्होल्टेज निम्मं वाटून घेतात आणि अँपच्या लोखंडी बॉडीवर सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात. अँपला हाताची पाठ लागली की झिणझिण्या येतात त्या यामुळे. प्रवाह फारच थोडा असतो, पण अर्थ नाही याची ती पावती आहे. थोडक्यात, अर्थ नसलेल्या घरात फिल्टर लावला तर काम सुधारण्याऐवजी बिघडतं.

सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं २-३ व्होल्टच्या आत, तर ठीक. न्यूट्रल ते अर्थ ५ व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रलवर भार जास्त आहे, तार बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. फेज ते अर्थ ६०, ९०, ११० असा नाचता आकडा आला तर अर्थ जोडलेलाच नाही. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहायची जुनी पद्धत घरच्यांनी वापरू नये; अर्थ कमजोर असेल तर तेवढा वेळ घरातल्या सगळ्या धातूच्या बॉडी जिवंत होतात. वायरमनकडे अर्थ टेस्टर असतो, त्याने मोजून घ्या.

जमिनीचा फरक लक्षात घ्यायला हवा. सांगली, मिरज, वाळव्याची काळी माती ओली असताना वीज छान जिरवते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपभोवतीची माती सुटते. उन्हाळ्यात सुरू होणारं आणि जूनमध्ये गायब होणारं हमिंग बहुधा याच खड्ड्यात सापडतं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालून फरक पडतो का ते पाहा. पडला तर खड्डा नव्याने भरायची वेळ झाली. साताऱ्याच्या डोंगराळ भागात, मुरमात आणि खडकात मुळातच रोध जास्त, तिथे एका पाइपने भागत नाही; दोन-तीन पाइप, एकमेकांत पाइपच्या लांबीइतकं अंतर ठेवून, रोवून एकमेकांना जोडावे लागतात. जीआय पाइपचं अर्थिंग निदान ३८ मिमी आतल्या व्यासाचं आणि अडीच मीटर लांबीचं हवं. २००५ आणि २०१९ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत खड्ड्याचं झाकण उघडून क्लँप एकदा जरूर पाहावा. बाहेरून तार दिसते, आत गंजून नुसता चुरा उरलेला असतो.

'म्युझिक सिस्टिमसाठी वेगळं अर्थिंग करून घ्या' हा सल्ला वारंवार दिला जातो. नवा खड्डा करा, हरकत नाही, पण तो घराच्या मुख्य अर्थ पट्टीला जोडायलाच हवा. दोन सुटे अर्थ ठेवले तर जवळ वीज पडल्यावर त्या दोघांत हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो, आणि तो उतरतो तुमच्या अँप आणि टीव्हीच्या मधल्या केबलमधून.

संध्याकाळी अँप बंद पडतो, रात्री ट्रान्सफॉर्मर तापतो

हे व्होल्टेजचं दुखणं. वीजपुरवठा २३० व्होल्टचा. सहा टक्के खालीवर धरले तर २१६ ते २४४. गावठाणातल्या घरांना हे बरंचसं मिळतं. मळ्यात, वस्तीवर, शेतीपंपांच्या डीपीच्या शेवटच्या टोकाला गोष्ट वेगळी. थ्री फेज आली की ऑटो स्विच लावलेल्या मोटारी एकदम उचल खातात, तेव्हा टोकाचं व्होल्टेज १७० च्याही खाली जाऊ शकतं. पंप बंद झाले की तेच २५० पार करतं. पंपाला कपॅसिटर नसेल तर घसरण आणखी.

दोन दिवस मोजा: सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी साडेसात, रात्री अकरा. व्होल्टमीटर असलेला प्लग मिळतो, तो सॉकेटमध्ये खोचून ठेवला की सोपं. मग घरातला दोष आणि बाहेरचा दोष वेगळा करा. दोन हजार वॉटचा गीझर लावा, तो साधारण ८.७ अँपिअर ओढतो. अँपच्या सॉकेटवर व्होल्टेज दहाने पडलं आणि मीटरपाशी दोननेच, तर दोष घरातल्या वायरिंगचा. मीटरपाशीच दहाने पडलं तर सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ते आठ ओहम. २० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, सुमारे ०.३ ओहम. पाच अँपिअरला दीड व्होल्टच पडायला हवेत. यापेक्षा फार जास्त पडत असेल तर कुठेतरी स्क्रू सैल आहे, आणि तिथे ऊब तयार होतेय.

थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरात गीझर लावल्यावर दुसऱ्या खोलीतलं व्होल्टेज *वाढलं*, तर तिथेच थांबा. तो सैल न्यूट्रल. तो पूर्ण सुटला की २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येऊ शकतात. अँपचा प्लग काढा, वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंडिशनरचा विषय नंतर.

हे सगळं ठीक असूनही व्होल्टेज २०० च्या खाली किंवा २५० च्या वर जात असेल, तर स्टॅबिलायझर लागेल. रिलेचा स्टॅबिलायझर पायऱ्यापायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो, प्रत्येक पायरीला 'खट्' होतो आणि काही मिलिसेकंद वीज तुटते. टीव्हीला चालतो, फोनो किंवा ट्यूब अँपला तो खट् ऐकू येतो. सर्वो स्टॅबिलायझर कार्बन ब्रश सरकवत सलग दुरुस्ती करतो, एखाद्या टक्क्यात धरून ठेवतो आणि वीज तुटू देत नाही; मात्र मोटार सुरू होताना येणारी झटक्याची घसरण गाठायला तो हळू पडतो. संगीतासाठी सर्वो बरा. त्याचा स्वतःचाही घूं असतो, म्हणून तो ऐकण्याच्या खोलीत ठेवू नका, बाहेर पॅसेजमध्ये ठेवा. अँप क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) असेल आणि मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल, तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरची गरजच नाही. नीट वाचा मात्र. काहींवर २२० ते २४० एवढंच असतं.

क्षमतेचा हिशोब. ८० वॉट दोन चॅनलचा क्लास एबी (नेहमीच्या पद्धतीचा) अँप पूर्ण जोरात साधारण ३०० वॉट ओढतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्याचा पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्हीए) ०.६५ धरा, म्हणजे ४६० व्हीए. त्यात डॅक, टर्नटेबल यांचे ३०-४०. आता दुप्पट करा, कारण व्होल्टेज १६० झालं की तेवढ्याच कामाला स्टॅबिलायझरला जवळजवळ दीडपट प्रवाह आत घ्यावा लागतो. हिशोब १ केव्हीएवर येतो. अॅक्टिव्ह सबवूफर असेल तर दीड किंवा दोन. डब्यावर 'एक हजार वॉट' असं मोघम लिहिलं असेल तर ते किती इनपुट व्होल्टेजला, हे दुकानदाराला विचारा.

स्पीकर शांत, पण अँपची पेटीच घुमते

स्पीकरमध्ये कान घालून काही ऐकू येत नाही, पण अँपच्या झाकणावर हात ठेवला की थरथर. टोरॉइडल (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरला विजेवर चढलेला थोडासा डीसीही सोसत नाही. गाभा एका बाजूला सॅच्युरेट होतो आणि घुमतो. अर्धी लहर वापरणारी उपकरणं डीसी चढवतात: कमी गतीवरचा हेअर ड्रायर, काही हीट गन. घरातलं एकेक बंद करून पाहा. मल्टिमीटरवर २३० एसीच्या पोटातला अर्धा-एक व्होल्ट डीसी भरवशाने दिसत नाही, त्या आकड्यावर विसंबू नका. उपाय डीसी ब्लॉकर: ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. हे सगळं थेट फेजवर बसतं, त्यामुळे तंत्रज्ञाकडूनच. फिल्टरवाला कंडिशनर इथे काहीही करत नाही.

टक्-टक् आणि किरकिर

फ्रिज, गीझरचा थर्मोस्टॅट, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर यांच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते ती स्पीकरमध्ये टक् करते. इथे ईएमआय फिल्टर खरंच कामाला येतो. त्याहून चांगलं, ठिणगीच्या जागीच स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी) लावा: ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर आणि १०० ओहम, एकमेकांना सिरीजमध्ये, कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना. सतत किरकिर येत असेल तर पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून पाहा. तो ट्रायॅकवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) लहर कापतो. त्याजागी कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवला की काही शे रुपयांत जे होतं ते वीस हजारांच्या पेटीने होत नाही.

इन्व्हर्टरवरच किरकिर येते? मग इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन लहरीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं, खऱ्या चौकोनी लहरीचं २३०च. म्हणून अँपच्या आतला डीसी पुरवठाही तीस टक्क्यांनी दबतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या किंवा लाईट गेल्यावर गाणं थांबवा.

वळवाच्या पावसाआधी

मुख्य बोर्डात टाइप २ एसपीडी (सर्ज अडवणारं यंत्र) बसवून घ्या आणि त्याच्या तारा फेजपासून अर्थ पट्टीपर्यंत मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. वायरमन नीटनेटकं दिसावं म्हणून लांब वळसा घालतो आणि निम्मा फायदा तिथेच जातो. प्लगपाशी एमओव्हीवाली (सर्ज गिळणारा छोटा भाग असलेली) पट्टी ही दुसरी फळी. एमओव्ही क्षणाचा सर्ज गिळतो; न्यूट्रल सुटून तासभर साडेतीनशे व्होल्ट आले तर तोच जळतो. त्यासाठी बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा लागतो. वर २७०, खाली १७० आणि परत जोडायला मिनिटभर उशीर, असा लावा. स्टॅबिलायझर असेल तर खालची मर्यादा त्याच्या क्षमतेपर्यंत उतरवता येईल. ढग गडगडू लागले की प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढा. जवळ पडलेल्या विजेपुढे कुठलीच पेटी टिकत नाही, डब्यावर कितीही ज्यूल लिहिलेले असोत.

मग घ्यायचं काय?

शहरात, व्होल्टेज स्थिर, अर्थिंग चांगलं: एसपीडी, प्रोटेक्टर आणि एक बरी पट्टी. सगळी उपकरणं त्याच एका पट्टीवर, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एकाच बिंदूला मिळतो. बस.

मळ्यात किंवा फॅक्टरीजवळ: सर्वो स्टॅबिलायझर आणि त्यापुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. कंपनीच्या नावाच्या कंडिशनरच्या पैशांत हे दोन्ही बसतं आणि जास्त काम करतं, असं आमचं स्पष्ट मत. ट्रान्सफॉर्मर बांधून घेणार असाल तर बांधणाऱ्याला हे लिहून द्या: १ केव्हीए, २३०ला २३०, पूर्ण तांबं, सीआरजीओ (खास सिलिकॉन पोलादाचा) गाभा, दोन वाइंडिंगमध्ये तांब्याच्या पत्र्याचा शील्ड आणि त्याची तार बाहेर, फ्लक्स १.१ टेस्लाच्या आसपास, व्हार्निश व्हॅक्यूममध्ये. फ्लक्सचा आकडा सांगितला नाही तर तो गाभा वाचवायला दीड टेस्लावर बांधेल आणि ट्रान्सफॉर्मर रात्रभर घुमेल. वजन १२-१५ किलो होईल. त्याहून फार हलका आला तर गाभा कमी घातला आहे. सुरू होताना तो मोठा झटका घेतो, बी कर्व्हचा (थोड्या झटक्यालाही पडणारा) एमसीबी पडेल. सी कर्व्ह लावा. बाहेर पडणाऱ्या दोन तारांपैकी एक अर्थला जोडून न्यूट्रल करायची आणि तिच्यापुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवायचा. हे केलं नाही तर मुख्य बोर्डातला आरसीसीबी ट्रान्सफॉर्मरपलीकडचा दोष ओळखूच शकत नाही.

ऑनलाइन यूपीएस वीज नव्याने बनवतो, कागदावर सगळ्यांत शुद्ध. पण पंखा चोवीस तास वाजतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि स्वस्त यंत्र स्वतःचा स्विचिंग गोंगाट घालतं. डॅक आणि संगणकाला ठीक. मोठा पॉवर अँप त्यावर लावू नका, आणि छोट्या फिल्टरवरही लावू नका: ढोलकीच्या थापेला लागणारा प्रवाह अडला की आवाज दबतो. कंडिशनर आधीच घेतला असेल तर डॅक, टर्नटेबल त्यात ठेवा आणि अँप त्याच बोर्डातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट लावून दोन्हीकडे तेच गाणं ऐका.

बसवून झाल्यावर सॉकेटवरची तीन मापं पुन्हा घ्या आणि बोर्डाच्या दाराच्या आत लिहून चिकटवा. दरवर्षी मे संपायच्या आत वायरमनकडून बोर्डातले स्क्रू आवळून घ्या, सर्वोचा कार्बन ब्रश पाहा, एसपीडीची खिडकी हिरवी आहे का बघा. लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला.